धार काढण्याआधीची गोळी

साखर आणि बीपी या दोन शब्दांच्या पाठोपाठ थायरॉईड हा तिसरा शब्द आता आपल्या खेड्यापाड्यांतल्या घरांत येऊन बसला आहे. बाजाराच्या दिवशी एस.टी.त शेजारी बसलेली बाई सहज सांगून जाते, "माझा थायरॉईड वाढलाय." पुष्कळदा तिचा थायरॉईड वाढलेला नसतो, कमी झालेला असतो. वाढलेला असतो तो कागदावरचा आकडा. हा घोटाळा एकदा उलगडला की या दुखण्याबरोबर संसार करणे अवघड राहत नाही, म्हणून हे चार शब्द लिहीत आहे. मी डॉक्टर नाही, शेतकरीण आहे. फुलंब्री तालुक्यात आमची सात एकर जमीन आहे. कपाशी, मका आणि पाण्याच्या अंदाजाने थोडे अद्रक घेतो. दावणीला दोन म्हशी आहेत. आणि २०१२ सालापासून मी रोज सकाळी थायरॉईडची एक गोळी घेते आहे.

थायरॉईड हे मुळात रोगाचे नाव नाही. ती एक ग्रंथी आहे आणि ती प्रत्येकाला असते. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली, पंख पसरून बसलेल्या फुलपाखरासारखा तिचा आकार असतो. ती एक रस तयार करते व तो रक्तात मिसळतो. अंगातली ऊब, काळजाचे ठोके, पोट साफ होणे, केस, कातडी, पाळी, डोक्याचा उत्साह, या सगळ्यांचा वेग त्या रसावर ठरतो. रस कमी पडला की सारे शरीर मंदावते.

आता त्या आकड्याकडे येऊ. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी आणखी एक ग्रंथी असते. तिला आपण मुकादम समजू. थायरॉईड काम करते की नाही यावर तिचे लक्ष असते. टोळी नीट काम करीत असेल तर मुकादमाला आवाज चढवावा लागत नाही. टोळी मागे पडली की तो हाका मारू लागतो, आणि जितकी टोळी मंद तितका त्याचा ओरडा मोठा. रक्ततपासणीत टीएसएच म्हणून जो आकडा येतो, तो हा मुकादमाचा ओरडा. तो साधारणपणे अर्ध्यापासून चारच्या आसपास असावा. प्रत्येक प्रयोगशाळेच्या कागदावर थोडाफार फरक असतो. आकडा फार वर गेला तर बहुतेक वेळा समजावे की थायरॉईड दमली आहे. माझा आकडा पहिल्या तपासणीत साठच्या वर होता.

त्या वर्षीच्या कापूस वेचणीत मला पहिल्यांदा जाणवले. दिवसाला चाळीस किलो वेचणारी मी वीस किलोवर आले. दुपारी तुरीच्या ओळीत बसले की उठवेना. कार्तिकातच थंडी वाजू लागली. बाया अंगावर साधा पदर घेऊन फिरत आणि मी गोधडीत. आवाज घोगरा झाला, टाचा फुटल्या, कंगव्यात केस यायला लागले, पाळी जड जाऊ लागली. खाणे वाढले नव्हते, तरी चोळ्या तंग झाल्या आणि सकाळी चेहरा सुजलेला दिसे. सर्वांत वाईट म्हणजे डोके चालेना. दूध घातल्याचा हिशेब मी तोंडी ठेवत असे, तो विसरू लागले.

घरात आणि गावात जो तो आपापल्या परीने कारण सांगे. कोणी म्हणे वय झाले. माझे वय तेव्हा छत्तीस होते. कोणी म्हणे कामाचा कंटाळा. सासूबाईंनी तीन मंगळवार मीठ-मोहरीने दृष्ट काढली. त्यांचा माझ्यावर जीव होता, त्यांना जे ठाऊक होते ते त्यांनी केले. एका दवाखान्यात रक्त कमी आहे म्हणून दोन-तीनदा सलाईन लावली. सलाईनने त्या दिवशी बरे वाटे आणि आठवड्याने पुन्हा पहिलेच पाढे. शेवटी तालुक्याला एका डॉक्टरीणबाईंनी माझी नाडी पाहिली, नडगीवर अंगठा दाबला, मला खुर्चीवर गुडघे टेकायला लावून घोट्यामागच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल उडाले खरे, पण परत जागेवर यायला त्याने वेळ घेतला. बाई म्हणाल्या, "तुमचं सगळंच संथ चाललंय. आधी टीएसएच करून या." एका साध्या रक्ततपासणीने वर्षभराचे कोडे सुटले.

त्या दिवशी आमचे मालक बरोबर होते. बाहेर आल्यावर ते इतकेच म्हणाले, "म्हणजे तू कामचुकारपणा करत नव्हतीस." मी म्हटले, "मी कधी म्हटलं होतं?" दोघेही हसलो. पण आजही अनेक घरांत एखादी सून किंवा लेक हा आळशीपणाचा शिक्का कपाळी घेऊन वावरते आहे, आणि तिची तपासणी झालेली नाही. पुरुषांनाही हे दुखणे होते, पण बायकांत त्याचे प्रमाण कितीतरी जास्त. २०१३ साली देशातल्या आठ शहरांची एक पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात मुंबईही होती. तपासलेल्या प्रौढ माणसांपैकी दहा-अकरा टक्क्यांची थायरॉईड मंद निघाली. म्हणजे दहा माणसांत एक.

हे होते कशाने? जुन्या काळी याचे मोठे कारण मातीत होते. ज्या मुलखातल्या माती-पाण्यात आयोडीन कमी, तिथे ग्रंथीला रस बनवायला कच्चा माल मिळत नसे. ती फुगे आणि गळ्याला गलगंड येई. हिमाचल प्रदेशात कांगडा खोरे आहे. तिथे डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून काही गावांना आयोडीन घातलेले मीठ देऊन पाहिले. पाच-सहा वर्षांत तिथल्या मुलांमधले गलगंडाचे प्रमाण बरेच उतरले. १९६२ साली सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि २००६ पासून माणसांच्या खाण्यासाठी बिगर-आयोडीनचे मीठ विकायला देशभर बंदी आहे. म्हणून मीठ आयोडीनचेच घ्यावे, झाकण लावून ओल आणि उन्हापासून दूर ठेवावे. उपवासाचे सैंधव उपवासापुरते ठीक, पण बाराही महिने तेच वापरू नये.

परंतु मीठ सुधारूनही हा आजार दिसतोच, कारण आज त्याचे मोठे कारण वेगळे आहे. शरीराचे राखणदार, जे जंतूंशी लढायचे, तेच चुकून आपल्या थायरॉईडवर उलटतात आणि तिला हळूहळू निकामी करतात. कुंपणच शेत खाते, तशातला प्रकार. हे घराण्यातून येऊ शकते. काहींची ग्रंथी शस्त्रक्रियेत काढलेली असते. अशा वेळी जास्त मीठ खाल्ल्याने ग्रंथी सुधारत नाही, बीपी मात्र वाढतो. जो रस शरीर बनवत नाही तो बाहेरून द्यावा लागतो, तेवढाच उपाय.

तो उपाय सापडला त्याची हकीकत मेंढरे पाळणाऱ्यांना विशेष आवडेल. इंग्लंडात १८९१ साली डॉ. जॉर्ज मरे यांनी असल्याच दुखण्याने गलितगात्र झालेल्या ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क टोचला. बाई उठून कामाला लागली. पुढे हा अर्क पोटातून देऊ लागले. ती बाई आणखी २८ वर्षे जगली आणि तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. १९१४ साली अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी त्या रसातले मूळ द्रव्य, थायरॉक्सिन, वेगळे काढले आणि १९२७ च्या सुमारास इंग्लंडात ते प्रयोगशाळेत बनवता आले. आज आपण घेतो त्या गोळीत तेच थायरॉक्सिन असते आणि त्यासाठी एकही मेंढी लागत नाही. एका गोळीचा खर्च टपरीवरच्या एका चहाहून कमी पडतो.

या गोष्टीतला मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. त्या बाईला २८ वर्षे अर्क घ्यावा लागला. म्हणजे ही गोळी तापाच्या गोळीसारखी नाही, की बरे वाटले आणि थांबवली. ती रोजचा शिधा आहे. म्हैस दूध देते म्हणून तिची वैरण आपण बंद करत नाही, वैरण आहे म्हणून ती दूध देते. काहींची ग्रंथी, विशेषतः बाळंतपणानंतर बिघडलेली, पुन्हा कामाला लागते हेही खरे. पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचे, आपण घरी बसून नव्हे.

इथेच या दुखण्यातला मोठा फसवा भाग आहे. गोळीतले थायरॉक्सिन अंगात निम्मे उरायलाच सुमारे एक आठवडा लागतो. काळ्या रानात पाणी दिले की ओल जशी पुष्कळ दिवस टिकते, तसे. त्यामुळे गोळी बंद केली तर पहिले दोन-तीन आठवडे काहीही होत नाही. माणसाला वाटते, पाहा, गोळीवाचून चालते आहे! आमच्या ओळखीतल्या एका बाईंना बाजारातल्या एका औषधवाल्याने चूर्ण दिले आणि सांगितले, "गोळी सोडा, मुळापासून बरं करतो." पहिला महिना उत्तम गेला. बाईंनी चार जणींना चूर्णाची शिफारस केली. तिसऱ्या महिन्यात चेहरा सुजला, पाचव्या महिन्यात जिना चढवेना. त्यांचे पैसे गेले, पण निदान जीव वाचला. फार दिवस गोळी तुटली आणि त्यात कडक थंडी किंवा न्यूमोनियासारखे दुखणे आले तर माणूस बेशुद्ध पडून दगावूही शकतो. मलाही "कायमची गोळी वाईट, किडन्या जातात" असे सांगणारे भेटले. डॉक्टरीणबाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबर मात्रेत ही गोळी अंगात जे असायला हवं तेच देते. किडनीला भीती नाही. भीती आहे ती मनाने कमी-जास्त करण्याची."

जास्त घेणेही तितकेच वाईट. बारीक होण्यासाठी दोन-दोन गोळ्या घेणाऱ्या मुली ऐकल्या आहेत. त्याने काळीज धडधडते, हात कापतात, झोप उडते, वय झालेल्यांत ठोक्याचा ताल बिघडतो आणि हाडे ठिसूळ होतात. म्हाताऱ्यांना आणि हृदयविकार असलेल्यांना डॉक्टर अगदी थोड्या मात्रेने सुरुवात करतात. मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच पाहतात. त्याआधी तपासून उपयोग नाही, कारण ओल सगळीकडे पोहोचायला तेवढा वेळ लागतो. एकदा आकडा बसला की वर्षातून एकदा तपासणी पुरते. मी दरवर्षी दिवाळी झाली की तपासून घेते. लांबच्या गावांहून आमच्या जिल्ह्यात अनेक जण संभाजीनगरला घाटीत जातात. इथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालचे आहे आणि मराठवाडाभरच्या गरिबांचा त्याच्या रुग्णालयावर भार असतो.

आता गोळी घ्यावी कशी? हा प्रश्न लहान दिसतो, पण निम्मी लढाई इथे आहे. पोट रिकामे हवे आणि सोबत फक्त साधे पाणी. चहा, दूध, नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. आपण शेतकऱ्यांच्या बायका उठल्या की आधी चुलीवर चहाचे आधण ठेवतो, आणि नेमके चहा-दूधच गोळीला अंगी लागू देत नाही. मी गोळीची बाटली दुधाच्या चरवीशेजारच्या फळीवर ठेवली. पाच वाजता उठते, चूळ भरते, गोळी घेते, मग गोठ्यात. शेण काढणे, आंबोण ठेवणे, दोन म्हशींची धार, यात तास कुठे जातो कळत नाही. परत येते तेव्हा चहाची वेळ झालेलीच असते. म्हशी कधी सुट्टी घेत नाहीत, त्यामुळे माझी गोळीही चुकत नाही. ज्यांच्याकडे दुभते नाही त्यांनी सडा-रांगोळीला जोडावी, पाणी भरण्याला जोडावी. ज्या कामाला खाडा नाही त्याच्या आधी गोळी ठेवावी. सकाळी जमतच नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेता येते. तसे डॉक्टरांना विचारून ठरवावे. एखादी राहिली तर आठवेल तेव्हा रिकाम्या पोटी घ्यावी. एकादशीलाही घ्यावी, पांडुरंगाला औषधाचा राग येत नाही.

दुसरी गोष्ट, रक्तवाढीच्या गोळ्या आणि कॅल्शियम. आपल्या बायकांना या दोन्ही गोळ्या उपकेंद्रातून मिळतात आणि त्या जरूर घ्याव्यात. पण थायरॉईडच्या गोळीबरोबर नव्हे. या दोन्ही तिला पोटातच धरून ठेवतात. मध्ये निदान चार तास जाऊ द्यावेत. आम्लपित्ताच्या पातळ औषधालाही हाच नियम. गोळी घेऊनही आकडा उतरत नाही अशी तक्रार असली की आधी हे तपासावे, मात्रा नंतर.

तिसरी गोष्ट उन्हाळ्याची. आपल्या मराठवाड्यात वैशाखात पत्र्याखालचे घर भट्टी होते. गोळ्या पत्र्याजवळ, खिडकीच्या उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नयेत. मातीच्या भिंतीतला कोरडा, गार कोनाडा उत्तम. आणि बाटलीवरचा आकडा वाचून घ्यावा. २५, ५०, ७५, १०० मायक्रोग्रॅम अशा निरनिराळ्या ताकदीच्या गोळ्या येतात. दुकानदाराने वेगळी ताकद दिली तर घरी आल्यावर कळून उपयोग नाही. शाळकरी पोराला वाचायला लावावे.

हे सगळे मी स्वतःपुरते सांभाळले होते. खरी कसोटी लेकीच्या वेळी लागली. २०१९ साली ती कॉलेजात असताना तिचे केस गळू लागले, पाळी बिघडली. घराण्यात आहे म्हणून लगेच तपासले आणि तिचाही आकडा चढलेला निघाला. पन्नासची गोळी सुरू झाली आणि ती चार महिन्यांत ताळ्यावर आली. पुढे २०२२ साली सोयरीक पाहायला लागलो, तेव्हा स्थळ घेऊन येणारे नात्यातले एक जण म्हणाले, "वहिनी, गोळीचं कशाला बोलता? मुलगी धडधाकट आहे. लग्न झाल्यावर सांगू."

त्या रात्री घरात बराच वेळ बोलणे झाले. मालकांना काळजी होती, की मुलीचे नाव होईल. माझे म्हणणे एवढेच होते, की लपवायचे म्हटले तर लेक सासरी गोळी घेणार कशी? पदराआड? कधी सापडली नाही म्हणून टाळणार, कधी कोणी पाहील म्हणून टाळणार. आणि दिवस गेले तेव्हा? पहिल्या तीन महिन्यांत पोटातल्या बाळाची थायरॉईड काम करीत नसते. त्याच्या मेंदूची वाढ आईच्या रसावर अवलंबून असते. ज्या घरात आपल्याला नातू हवा आहे, त्याच घरात त्याच्या आईची गोळी चोरून ठेवायची, हा कुठला व्यवहार? सासूबाई तेव्हा होत्या. त्या ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "गायीचं खोड सांगून विकावी, मग बाजारात मान राहतो. लेकीचं तर खोडही नाही." निर्णय झाला.

आम्ही सांगितले. एका स्थळाने त्यावरून नकार कळवला. लेक दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच सांगितले, "बरं झालं. तिथं मला गोळी घेऊ दिली नसती." दुसरे स्थळ वैजापूर तालुक्यातले होते. मुलाच्या आईने ऐकून घेतले आणि विचारले, "गोळी रोजची ना? मग माझ्या बीपीच्या गोळीशेजारी ठेवू. एकीनं दुसरीला आठवण करायची." त्याच मांडवात लेकीच्या अंगाला हळद लागली.

२०२४ साली तिला दिवस गेले. पाळी चुकताच ती तपासणीला गेली, कारण गरोदरपणात या रसाची गरज वाढते. डॉक्टरांनी पन्नासची मात्रा पंचाहत्तर केली आणि दर चार आठवड्यांनी टीएसएच पाहिले. चौथ्या महिन्यापासून रक्तवाढीची लाल गोळी आणि कॅल्शियम सुरू झाले. तिच्या सासूबाईंनी भिंतीवरच्या पंचांगाशेजारी कागद चिकटवला: पहाटे थायरॉईड, दोन्ही जेवणांबरोबर कॅल्शियम, झोपताना लाल गोळी. शिकलेल्या परिचारिकेने लिहावा असा तो कागद होता. बाळंतपण सुखरूप झाले, मुलगा झाला. बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन त्याचीही तपासणी केली, ती ठीक निघाली. ही तपासणी प्रत्येक तान्ह्याची व्हावी. काही मुले जन्मतःच कमी थायरॉईडची असतात, पण पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ती इतर मुलांसारखीच वाढतात. उशीर झाला तर बुद्धीचे नुकसान भरून येत नाही. बाळंतपणानंतर लेकीची मात्रा पुन्हा पन्नासवर आली. ती अंगावर पाजत होती आणि गोळीही घेत होती. त्यात काही धोका नसतो.

बहिणींनो, आणि भावांनोही, घरात कोणी सतत थकत असेल, थंडी सोसवत नसेल, अंग सुजत असेल, पाळी बिघडली असेल, किंवा एखादे मूल उंचीने खुंटून शाळेत मागे पडत असेल, तर शिक्का मारण्याआधी एकदा टीएसएच करून घ्या. तपासणी एका दिवसाची आहे. आणि घरात गोळी सुरू झालीच तर ती पेटीत किंवा कपड्यांखाली ठेवू नका. फळीवर, सर्वांच्या नजरेसमोर ठेवा. ज्या गोळीची घरातल्या चार माणसांना आठवण असते, ती सहसा चुकत नाही.